अंतर्वासी बुरशीची विकरे : शोधामागची पार्श्वभूमी

निरोगी झाडाच्या पानात, सालीत किंवा मुळात रोगाचे लक्षण न दाखवता राहणाऱ्या अंतर्वासी बुरशीचा अभ्यास एकोणिसाव्या शतकात सुरू झाला असला, तरी तिच्या विकरांकडे, म्हणजे एन्झाइम्सकडे, लक्ष गेले ते बरेच उशिरा, आणि तेही औषधांसाठी नव्हे. पेशीभित्तिका विरघळवण्याची क्षमता असलेली बुरशी झाड न कुजवता आत राहते कशी, हा मूळ प्रश्न होता. जॉर्ज कॅरोल आणि ऑर्लांडो पेत्रिनी यांनी १९८३ मध्ये सूचिपर्णी वृक्षांच्या पानांतील बुरशी कोणकोणत्या पदार्थांवर वाढू शकतात, हे तपासले.

सोपी पद्धत त्याआधीच हाताशी होती. लेस्टर हँकिन आणि सँड्रा अ‍ॅनाग्नोस्टाकिस यांनी १९७५ मध्ये बुरशीची विकरे घन माध्यमावर ओळखण्याच्या चाचण्या मांडल्या. स्टार्च मिसळलेल्या आगर या जेलीसारख्या माध्यमावर बुरशी वाढवून आयोडीन ओतले की स्टार्च तोडणारे अमायलेज हे विकर स्रवलेल्या जागी रंग येत नाही आणि वसाहतीभोवती फिकट वलय दिसते. खर्च थोडा असल्याने ही पद्धत साध्या प्रयोगशाळांतही रुजली. मात्र बुरशीच्या वाढीचा वेग आणि विकराचे माध्यमात पसरणे (विसरण) यांवरही वलयाचा आकार ठरतो, त्यामुळे त्याला विकराचे नेमके मोजमाप मानता येत नाही.

औषधी वनस्पतींना महत्त्व आले ते १९९३ नंतर. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी १९७१ मध्ये कर्करोगावरील ज्या टॅक्सॉल या औषधाची रचना उलगडली, ते पॅसिफिक यू वृक्षातील एक बुरशीही बनवते, असा दावा १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. हाती येणारे प्रमाण अत्यल्प होते आणि २०१३ मधील फेरतपासणीत बुरशीच्या स्वतंत्र निर्मितीचा पुरावा मिळाला नाही. तरी तोवर औषधी झाडांतील बुरशी गोळा करण्याची रीत पडून गेली होती.

त्या संग्रहांत विकरांचा शोध घेणे ओघानेच आले. रक्ताच्या कर्करोगावरील एल-अ‍ॅस्परजिनेजकडे अधिक लक्ष गेले, कारण जिवाणूंपासून मिळणाऱ्या या विकराची अनेक रुग्णांना अ‍ॅलर्जी होते. फिनॉल रेड या दर्शक द्रव्याचा रंग गुलाबी होण्यावर आधारलेली चाचणी १९९७ मध्ये आली आणि पुढे थायलंडमधील औषधी वनस्पतींच्या बुरशींतही हे विकर आढळले. यजमान झाड औषधी असण्याशी विकराचा थेट संबंध मात्र क्वचितच दाखवला जातो, आणि रुग्णांना दिले जाणारे अ‍ॅस्परजिनेज आजही जिवाणूंपासूनच तयार होते.