व्हँपायर हंटर डी: 1985चा वेगळा, 2000चा वेगळा

ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या गप्पांत 'व्हँपायर हंटर डी' हे नाव निघालं की अनेकदा दोघं जण दोन निराळ्या सिनेमांबद्दल बोलत असतात. एकाच्या डोळ्यांसमोर चाबूक चालवणारी शेतावरची मुलगी असते, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर रात्रीची सुसाट सुटलेली काळी बग्गी. नायक मात्र तोच: फिकट चेहऱ्याचा, रुंद टोपीतला, लांब तलवारीचा डी. म्हणून 2000 सालचा 'ब्लडलस्ट' हा आधीच्या सिनेमाचा पुढचा भाग किंवा रिमेक आहे, असं बरेच जण धरून चालतात. तो यातलं काहीच नाही.

हिदेयुकी किकुची यांनी डीवर कादंबऱ्यांची मोठी मालिका लिहिली. तोयो आशिदा यांनी 1985 साली पहिल्या कादंबरीवर सुमारे 80 मिनिटांचा सिनेमा केला, तोही थेट व्हिडिओ बाजारासाठी. योशिआकी कावाजिरी यांनी पुढे मॅडहाउस स्टुडिओत तिसरी कादंबरी घेतली आणि 'ब्लडलस्ट' हा मोठ्या पडद्याचा सिनेमा उभा केला.

जग दोन्हीकडे एकच आहे. काळ हजारो वर्षं पुढचा; पहिला सिनेमा तर 12,090 साली घडतो. गढ्या, घोडे, तलवारी आहेत आणि जोडीला लेसरच्या बंदुकाही. माणसांवर राज्य करणाऱ्या व्हँपायर उमरावांचे दिवस भरत आलेत. डीचे वडील व्हँपायर, आई माणूस, त्यामुळे त्याला दोन्हीकडे थारा नाही. त्याच्या डाव्या तळहातात एक चेहरा आहे आणि तो डीला सतत टोचून बोलत असतो.

खरा फरक कथेच्या गाभ्यात आहे. दोन्ही सिनेमांत एका व्हँपायर उमरावाला माणसाची मुलगी हवी आहे. 1985मध्ये काउंट मॅग्नस ली डोरिस लँगच्या मानेत दात रोवतो आणि तिच्याशी लग्न ठरवून मोकळा होतो. तिला कोणी विचारतच नाही. वर गावातली माणसंच तिला वाळीत टाकायला निघतात. धाकट्या भावाला सांभाळत ही मुलगी डीला कामावर ठेवते आणि काउंटला नकार देत राहते. इथे डीचं काम सरळ आहे: तिला वाचवायचं.

'ब्लडलस्ट'मध्ये हीच मांडणी उलटी केली आहे. सुरुवातीलाच मायर लिंक या व्हँपायर उमरावाची बग्गी गावातून जाते आणि तिच्या वाटेवरचे क्रूस वाकत जातात, जणू लोखंड मेणाचं असावं. शार्लट या माणसाच्या मुलीला त्याने पळवून नेलंय असं तिच्या घरचे सांगतात आणि डीला तिच्या मागावर पाठवतात. पण शार्लट स्वतःच्या मर्जीने गेली आहे आणि मायरने तिला चावलेलं नाही. तहानेने जीव कासावीस होतो तरी तो स्वतःला आवरतो. मग डी नेमका कोणाला वाचवतोय? स्वतः अशाच जोडप्याच्या पोटी जन्मलेला माणूस अशा जोडप्याचा पाठलाग करतोय, ही कल्पनाच मला फार मोठी वाटते. त्यात मार्कस भावंडांची शिकारी टोळीही त्याच बक्षिसामागे आहे. त्यांच्यातली लैला आणि डी यांच्यात एक करार होतो: जो मागे उरेल, त्याने दुसऱ्याच्या थडग्यावर फुलं वाहायची. डी एवढं मोकळं बोलताना पहिल्या सिनेमात कुठेच दिसत नाही.

चित्रांच्या बाबतीत तुलनाच नको. योशिताका आमानो यांनी कादंबऱ्यांसाठी काढलेल्या नाजूक, लवचिक रेषांची आठवण 'ब्लडलस्ट'च्या चौकटी पुन्हा पुन्हा करून देतात. 1985ची आखणी साधी, कधी ओबडधोबड, आणि रक्तपात उघडावाघडा. तरीही डोरिससाठी तो बघावाच. तिच्याइतकी धीट मुलगी दुसऱ्या सिनेमात फक्त लैला आहे.

दोन्ही गोष्टी स्वतंत्र असल्यामुळे क्रमाचं बंधन नाही. नवख्या माणसाला मी आधी 'ब्लडलस्ट' दाखवेन. त्याचे संवाद मुळात इंग्रजीतच रेकॉर्ड झाले होते, तेव्हा तो इंग्रजीत बघायला अजिबात हरकत नाही. 1985चा मात्र जपानी आवाजात, सबटायटल्स लावून बघा.