पंप फिरतोय, पण ब्रशला पाणीच नाही

चतुर्थी आटोपली की गोव्यात कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलवाल्यांना काचा आठवतात. चार महिने पाऊस झोडपतो, वर समुद्राकडचा खारा वारा, त्यामुळे काचेवर असा चिवट थर बसतो की फडक्याने पुसला तर नुसता पसरतो. यावर एक चांगला उपाय म्हणजे गाडीतली टाकी. ४००-५०० लीटरची टाकी, तिच्याजवळ बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा छोटा पंप, रीलवर गुंडाळलेली १०० मीटर बारीक नळी आणि लांब पोलच्या टोकाला ब्रश. माणूस जमिनीवर उभा राहून तिसऱ्या मजल्याची काच धुतो. पाणी आरओ फिल्टर आणि क्षार शोषणाऱ्या रेझिनमधून काढलेलं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्याच्या आसपास, त्यात क्षारच नाहीत त्यामुळे पुसायची गरज नाही, वाळलं तरी डाग पडत नाही. ब्रिटनमध्ये साध्या घरांच्या खिडक्यासुद्धा अशाच धुतात.

सगळं छान, पण या सेटअपचा एक ठरलेला रोग आहे. पंप फिरतो, आवाज येतो, टाकीत पाणी आहे, आणि ब्रशला थेंब नाही. लाईनने एअर पकडली, म्हणजे नळीत हवा अडकून पाण्याची वाट बंद झाली (एअर लॉक). मग बहुतेक लोक काय करतात, तर पंपाला शिव्या घालतात आणि जास्त ताकदीचा पंप आणतात. माझं म्हणणं असं की यात पंपाचा दोष क्वचितच असतो, दोष असतो मांडणीचा, म्हणजे काय कुठल्या उंचीवर बसवलंय आणि नळी कुठून कशी फिरवलीय याचा. आणि मोठ्या पंपाने तर कधी कधी दुखणं वाढतं, ते कसं ते पुढे येईलच.

आधी पंपाच्या पोटात काय चालतं ते बघू. हे पंप डायफ्रॅमचे असतात, आत रबरी पडदा मागे-पुढे होतो, मागे गेला की सक्शनचा (टाकीकडच्या बाजूचा) व्हॉल्व्ह उघडून पाणी आत, पुढे आला की डिलिव्हरीचा (ब्रशकडच्या बाजूचा) व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर. बऱ्याच पंपांवर १०० पीएसआय (पीएसआय हे दाबाचं माप) लिहिलेलं असतं, म्हणजे जवळजवळ ७० मीटर उंच पाणी चढवण्याइतका दाब. मग तीन मजले, १० मीटर, त्याला का जड जावेत? कारण ते १०० पीएसआय पाण्यासाठी आहेत. पाणी दाबलं तरी आकसत नाही, त्यामुळे पडद्याने ढकललं की त्याला बाहेर जावंच लागतं. हवा मात्र आकसते, आणि किती आकसते ते बॉइलने १६६२ साली सांगून ठेवलंय: जागा निम्मी केली तर दाब दुप्पट.

आता समजा पंपाच्या खोलीत १० भाग हवा भरली आणि पडदा पुढे आला की जागा ६ भाग उरते. दाब झाला १० भागिले ६, म्हणजे वातावरणाच्या पावणेदोन पटीपेक्षा थोडा कमीच. तिकडे डिलिव्हरीच्या व्हॉल्व्हवर काय बसलंय? तुम्ही ब्रश १० मीटर वर धरलाय, नळीत पाणी भरलेलं आहे, म्हणजे वातावरणाचा एक आणि पाण्याच्या उंचीचा जवळजवळ एक, असा दुप्पट दाब. तो व्हॉल्व्ह उघडणारच नाही. पडदा पुढे आला की हवा आत दबणार, मागे गेला की तीच हवा फुगणार, नवीन पाण्याला जागाच नाही. मोटर दिवसभर फिरली तरी तीच मूठभर हवा दाबत बसेल. (आकडे समजण्यापुरते घेतलेत, प्रत्येक पंपाची खोली वेगळी.)

उपाय यातूनच निघतो आणि तो फुकट आहे. पोल खाली घ्या, ब्रशकडचा जोड काढून नळीचं तोंड मोकळं करा आणि ते टाकीच्या पातळीच्याही खाली जमिनीवर ठेवा. समोरचा दाब गेला की तोच पंप ती हवा दोन-चार मिनिटांत बाहेर फेकतो. पोल वर धरून स्पीड वाढवत बसण्यात अर्थ नाही.

पण मुळात हवा आत येते कुठून? इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण ते गळती शोधतात. सगळे जोड हाताने चाचपतात, कुठे ओलं नाही, म्हणजे जोड ठीक. डिलिव्हरीच्या बाजूला हे बरोबर आहे, तिथे आत दाब जास्त, फट असली तर पाणी बाहेर येणार. सक्शनच्या बाजूला उलटं. पंप काही पाणी खेचत नाही, तो फक्त आतला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा टाकीतल्या पाण्यावर दाब देऊन त्याला पंपात ढकलते. म्हणजे पंप चालू असताना त्या नळीत बाहेरच्यापेक्षा कमी दाब असू शकतो, आणि क्लिप जरा सैल असली, गाळणीची ओ-रिंग (रबरी कडी) सुकली असली, की पाणी बाहेर न येता हवा आत जाते. आडसराच्या (शहाळ्याच्या) स्ट्रॉला वर बारीक चीर असली तर स्ट्रॉ बाहेरून कोरडीच राहते आणि तोंडात मात्र हवाच येते, तसलाच प्रकार.

म्हणून पंप टाकीच्या तळाच्या लेव्हलला, शक्यतो खालीच बसवावा. मग पाणी स्वतःच्या वजनाने पंपात उतरतं, आणि जोड सैल असला तर पंप बंद असताना पाणी ठिबकून तुम्हाला सांगतं तरी. गाडीत जागा वाचवायला पंप टाकीच्या वर फळीवर ठोकणारे बघितले की मला राहवत नाही, कारण तिथे तो सतत उणे दाबावरच चालतो आणि रात्री नळीतलं पाणी टाकीत परत गेलं की सकाळी पहिलं काम हवा काढायचं. जागाच नसेल तर सक्शनला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारा) तरी घाला.

सक्शनची नळी जाड, आखूड आणि आत न चेपणारी हवी. व्यास निम्मा केला तर पाण्याला होणारा विरोध दुप्पट नाही, किमान १६ पट वाढतो. मोठ्या पंपाचा घोळ इथेच आहे: तो तेवढ्याच नळीतून जास्त पाणी मागतो, सक्शनमधला दाब आणखी उतरतो, आणि जी फट छोट्या पंपाला त्रास देत नव्हती तीच आता हवा प्यायला लागते. गाळणी कचऱ्याने भरली की परिणाम तोच.

फट शोधायची पद्धत सोपी. पंपाच्या सक्शनच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक नळी जोडा आणि पंप चालू करून बघत राहा. बुडबुड्यांची बारीक माळ सारखी येत असेल तर फट आहे, मोठा गोळा येऊन गेला आणि मग पाणी स्वच्छ असेल तर ती नुसती अडकलेली हवा होती. मग एकेका जोडावर ओलं फडकं गच्च गुंडाळायचं. ज्या जोडावर फडकं बसलं की माळ तुटते आणि पंपाचा टरटर आवाज खाली येऊन जड घरघर होतो, तोच जोड. पावसाळ्यात चार महिने उभ्या असलेल्या गाडीत हे हमखास निघतं, खाऱ्या हवेने साध्या लोखंडी क्लिपा गंजून पकड सोडतात. थोडे पैसे जास्त घालून स्टेनलेसच्या क्लिपा घ्याव्यात, इथे त्यात कंजुषी नको.

टाकी निम्म्याच्या खाली गेली की आणखी एक वाट उघडते. पणजीत आल्तिनो टेकडीच्या चढावर गाडी लावली आणि टाकीचं आउटलेट वरच्या बाजूला राहिलं तर? टाकी १.२ मीटर लांब, ८० सेंटीमीटर रुंद, चढ दहाला एक धरा. एका टोकाला पाण्याची पातळी १२ सेंटीमीटर खाली. हिशोब केला तर आउटलेट उघडं पडतं तेव्हा टाकीत अजून ५५-६० लीटर पाणी शिल्लक असतं, आणि पंप हवा घेत असतो. गाडी उलटी लावा, विषय संपला. सपाटीवरही पाणी फार कमी झालं की आउटलेटवर भोवरा फिरतो आणि त्याच्या पोकळीतून हवा खाली उतरते, त्यावर आउटलेटच्या वर एक आडवी पट्टी बसवली की भोवरा मोडतो.

आता रील, आणि मला यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट हीच वाटते. ८ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या १०० मीटर नळीत ५ लीटर पाणी मावतं, म्हणजे नळी रिकामी असेल तर मिनिटाला २ लीटरने अडीच मिनिटं थेंब दिसणार नाही, ते एअर लॉक नव्हे, उगाच घाबरू नका. पण नळी अर्धवट भरलेली असेल तर प्रत्येक वेढ्यात खाली पाणी आणि वर हवा बसते. मग हवेपलीकडचं पाणी ढकलायला प्रत्येक वेढ्यात थोडा उंचीचा फरक तयार व्हावा लागतो, आणि हे सगळे फरक एकमेकांत मिळवले जातात. रीलचा व्यास ३० सेंटीमीटर असेल तर १०० मीटरचे शंभरावर वेढे होतात. प्रत्येकात नुसता १० सेंटीमीटरचा फरक धरला तरी बेरीज १० मीटर, म्हणजे पाणी एक इंच वर न चढवताच पंपाने तीन मजले चढवल्यासारखं. १७४६ साली झुरिकच्या विर्त्झ नावाच्या कारागिराने हीच बेरीज कामाला लावली, गुंडाळलेली नळी फिरवून एकाआड एक पाणी आणि हवा आत घेत दाब वाढवणारा पंप बनवला. त्याच्यासाठी वरदान, आपल्यासाठी डोकेदुखी.

बुडबुडे आपोआप वर निघून जातील म्हणावं तर तेही नाही. साधारण ५ मिलिमीटरपेक्षा बारीक उभ्या नळीत पृष्ठताणामुळे मोठा बुडबुडा चढतच नाही, जागीच बसतो, आणि त्याहून थोड्याच जाड नळीत चढतो तो गोगलगायीच्या गतीने. त्याला वाहत्या पाण्यानेच ढकलून काढावं लागतं, म्हणून सीझनच्या सुरुवातीला नळी रीलवरून पूर्ण सोडून, जमिनीवर पसरून, फुल स्पीडवर पाणी सोडायचं. आणि काम झाल्यावर टोकाचा कॉक बंद करूनच गुंडाळायची, म्हणजे ती भरलेली राहते.

उन्हाचाही हात असतो. पाण्यात हवा विरघळलेली असते आणि पाणी तापलं की ती बाहेर पडते: २० अंशाला लीटरमध्ये ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहतो, ४० अंशाला साडेसहाच्याही खाली. मे महिन्यात बंद गाडीत दुपारभर तापलेल्या रीलमध्ये अशी जमलेली हवा एकत्र केली तर नळीत वीतभर लांबीचा बुडबुडा सहज होईल. दुपारनंतर काम सुरू करताना अर्धा मिनिट पाणी सोडून द्या.

राहिलं टाकीचं झाकण. वळणावर पाणी उसळून गाडीत सांडतं म्हणून काही जण ते इतकं घट्ट आवळतात की हवेला वाटच राहत नाही. पाणी कमी होत जातं, वरची पोकळी वाढते, तिथला दाब पडतो, टाकीच्या भिंती आत ओढल्या जातात आणि पंपाला पाणी ढकलणारं कोणी उरत नाही. झाकणाला करंगळीएवढं भोक हवंच, आणि आपल्याकडचे डास बघता त्याच्यावर बारीक जाळी लावा.