रिफर्बिश केलेला गावचा पब (इंग्लंड)

इंग्लंडमधल्या खेड्यातला जुना पब काही महिने बंद ठेवतात, आतून सगळा नव्याने करतात आणि पुन्हा उघडतात, याला तिकडे रिफर्बिशमेंट किंवा बोलताना नुसतं रिफर्ब म्हणतात. ही नोंद त्या बांधकामाबद्दल कमी आणि तिथे येणाऱ्या माणसांबद्दल जास्त आहे, म्हणजे त्यांना आधी काय मिळायचं आणि आता काय मिळतं. बाहेरून फार फरक दिसत नाही, कारण यातल्या बऱ्याच इमारती वारसा यादीत असतात आणि परवानगीशिवाय दगडाला हात लावता येत नाही, पाटीसुद्धा तीच राहते. बदल असतो तो आत. आणि आतलाही मुख्य बदल रंगाचा किंवा खुर्च्यांचा नसतो, कुठली जागा कोणाची हे नव्याने ठरतं तो खरा बदल. एक पाइंट बिअर, म्हणजे एक मोठा ग्लास, घेऊन दोन तास बसणाऱ्या माणसाला हक्काची जागा उरलीय का एवढं बघितलं तरी रिफर्ब कसं झालंय ते समजतं.

आधी आत काय असायचं

जुन्या पबमध्ये एक मोठा हॉल नसायचाच. छोट्या छोट्या खोल्या असायच्या. पब्लिक बारमध्ये साधी फरशी किंवा फळ्या, लाकडी बाकं, डार्ट्स, डॉमिनोज, आणि शेतावरून चिखलाचे बूट घालून आलेली माणसं. शेजारी लाउंज किंवा सलून बार, तिथे गालिचा, गुबगुबीत खुर्च्या आणि तीच बिअर पण किंचित महाग. आणि स्नग नावाची एक अगदी लहान खोली, जिथे बायका किंवा कोणाच्या नजरेस पडायचं नाही अशी मंडळी बसायची, त्यांना खिडकीसारख्या झरोक्यातून ग्लास मिळायचा. म्हणजे कोण कुठे बसणार हे भिंतीच सांगायच्या. हे लिहिताना मला जुन्या पबचं कौतुक आहेच, पण त्या भिंती वर्गाच्या होत्या हेही लिहायला हवं, कारण आज "पूर्वीचा पब सगळ्यांचा होता" असं सर्रास म्हटलं जातं आणि ते अर्धंच खरं आहे.

वेळाही बांधलेल्या असायच्या. पहिल्या महायुद्धात, १९१५ पासून, दारूच्या वेळांवर निर्बंध आले आणि दुपारी पब बंद ठेवायची पद्धत पडली ती थेट १९८८ च्या कायद्यापर्यंत टिकली, रविवारी तर १९९५ पर्यंत. त्यामुळे आजच्यासारखं दुपारी चारला सहज आत शिरून कॉफी मागणं ही गोष्ट नव्हतीच. लहान मुलांना बारमध्ये यायला १९०८ च्या कायद्याने मनाई केलेली, म्हणून आईवडील आत आणि मुलं बाहेर बागेत किंवा गाडीत लिंबूपाणी आणि क्रिस्प्सचं (बटाट्याच्या वेफर्सचं) पाकीट घेऊन बसलेली, ही आठवण साठी ओलांडलेल्या कितीतरी इंग्रजांकडे सापडते.

मग १९६० आणि ७० च्या दशकात ब्रुअरीवाल्यांनी, म्हणजे बिअर बनवणाऱ्या आणि बरेच पब हातात असलेल्या कंपन्यांनी, स्वतःच मधल्या भिंती पाडायला सुरुवात केली. एकच मोठी खोली केली की एका काउंटरवरून सगळीकडे लक्ष राहतं, माणसं कमी लागतात, असा सरळ हिशोब होता. नक्षीदार लाल गालिचा, भिंतीवर घोड्याच्या साजाची पितळी पदकं, खोटे काळे वासे हे सगळं बऱ्याच ठिकाणी तेव्हाचं. म्हणून आज कुठे गालिचा उखडला की "आमचा पारंपरिक पब गेला" म्हणून जी हळहळ होते ती पुष्कळदा आजोबांच्या काळाबद्दल नसून त्याआधीच्या रिफर्बबद्दल असते, आणि गंमत म्हणजे त्या गालिच्याखाली निघालेली दगडी फरशी खरी जुनी असते.

रिफर्ब का करावं लागतं

नुसतं बिअर विकून खेड्यातला पब चालत नाही म्हणून, हे थोडक्यात उत्तर. १९६७ मध्ये गाडी चालवणाऱ्यांसाठी दारूची मर्यादा आणि श्वासतपासणी आली, तेव्हापासून पाच मैलांवरून येणारा माणूस कमी झाला. सुपरमार्केटमधली स्वस्त बिअर घरी नेता येते. १९८९ मध्ये सरकारने मोठ्या ब्रुअरींच्या हातात किती पब असावेत यावर बंधन घातलं, हेतू चांगला होता पण त्यातून हजारो पब प्रॉपर्टी सांभाळणाऱ्या कंपन्यांकडे गेले, ज्यांना पब ही भाड्याची जागा म्हणून दिसते. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून आत सिगरेट बंद झाली. मग २०२० मध्ये कोविड, २० मार्चला पब बंद आणि ४ जुलैला अटींवर उघडले. ब्रिटनमध्ये २००० च्या सुमारास साठ हजारांच्या वर पब होते ते आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास आलेत. शिवाय खेड्यातला बंद पब घर म्हणून विकला तर चांगली किंमत येते, हा मोह मालकापुढे कायम असतोच.

तेव्हा तगायचं तर जेवण. १९९१ मध्ये लंडनच्या फॅरिंग्डनमध्ये 'द ईगल' नावाचा पब दोघांनी घेतला, तिथे उघड्या किचनमधून चांगलं जेवण द्यायला लागले आणि गॅस्ट्रोपब हा शब्द रुळला. मग ही लाट गावाकडे गेली. थेम्सकाठच्या मार्लोमधला 'हँड अँड फ्लॉवर्स' शेफ टॉम केरिजने २००५ मध्ये सुरू केला आणि उत्तम जेवणासाठी दिले जाणारे दोन मिशलिन स्टार मिळालेला तो पहिला पब ठरला. याचा परिणाम असा झाला की रिफर्ब म्हणजे फिकट करडा-हिरवा रंग, लाकूड जाळायची लोखंडी शेगडी, वेगवेगळ्या जुन्या खुर्च्या मुद्दाम एकत्र, आणि फळ्यावर खडूने लिहिलेला मेनू, हा ठराविक साचा झाला, इतका की डेव्हनमधला पब आणि यॉर्कशायरमधला पब फोटोत ओळखू येईना. हा मला या सगळ्यातला सगळ्यात वाईट भाग वाटतो.

येणाऱ्यांना काय जाणवतं

पहिला फरक दारातच. पूर्वी आत शिरलं की सरळ काउंटरवर जायचं, आता कोणीतरी हसून विचारतं, बुकिंग आहे का? सगळ्या टेबलांवर काटेचमचे मांडलेले असतात आणि ज्याला फक्त प्यायचंय त्याला बसावं कुठे ते कळत नाही, मग तो काउंटरपाशी उभा राहतो, आणि काउंटरपुढची उंच स्टुलंही काढली असतील तर आठवडाभरात यायचा थांबतो. त्याला कोणी हाकललेलं नसतं. पण काउंटरपाशी उभं राहणं हाच पबचा गाभा आहे, तिथे अनोळखी माणसाशी हवामानावर बोललेलं चालतं, टेबलाशी बसलेल्याशी तसं बोलायला जात नाहीत. चांगलं रिफर्ब करणारे हे ओळखून असतात, ते शेगडीजवळचा एक कोपरा, चारपाच स्टुलं आणि डार्ट्सचा बोर्ड तसाच ठेवतात आणि तिथे बुकिंग घेत नाहीत.

दुसरा फरक बिअरचा, आणि तो बऱ्याच पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. खरी पारंपरिक एल ही इंग्लिश बिअर पिंपातच शेवटपर्यंत मुरत असते, तळघरात ११ ते १३ अंशावर ठेवलेली, वरून गॅस न भरता हातपंपाने ओढून ग्लासात येते. ५६८ मिलीचा पाइंट. नेहमीच्या पिंपात ९ गॅलन म्हणजे साधारण ४१ लिटर, पाइंटच्या हिशोबात ७२. पिंप उघडलं की हवा आत जाते आणि तीनचार दिवसांत ते संपवावं लागतं, नाहीतर चव आंबट व्हायला लागते. आता जेवणावर चालणाऱ्या पबमध्ये लोक वाइन आणि जिन मागतात, बिअर खपत नाही, मग मालक चारचे दोन हातपंप करतो, त्यातला एक पडूनच असतो, बिअरची चव उतरते, पिणारे आणखी कमी होतात. म्हणजे टेबलं कशी मांडली याचा परिणाम तळघरापर्यंत पोचतो. १९७१ पासून खऱ्या एलसाठी झगडणारी कॅम्रा ही ग्राहकांची संघटना नुसत्या बिअरबद्दल न बोलता पबच्या जुन्या अंतर्भागांची यादीही ठेवते ती उगाच नाही. बर्कशायरमधल्या ॲल्डवर्थचा 'बेल इन' एकाच कुटुंबाकडे दोनशेहून जास्त वर्षं आहे, तिथे अजून झरोक्यातूनच बिअर देतात, आणि रिफर्बच्या वाटेला न जाता तो भरलेला असतो.

पण हेही तेवढंच खरं की कितीतरी जणांना नव्या पबमध्ये पहिल्यांदाच बरं वाटलं. धूर गेला. संडास अंगणाच्या टोकाला असायचा तो आत आला. अपंगांसाठी इमारतीत वाजवी बदल करायची जबाबदारी २००४ पासून लागू झाली, त्यामुळे रिफर्ब करताना उतार आणि रुंद दार हे बहुतेक ठिकाणी होतं, आणि व्हीलचेअरवरचा माणूस मागच्या किचनच्या दाराऐवजी पुढून आत यायला लागला. एकट्या बाईला पुस्तक घेऊन बसता येतं. मुलं आत येतात. रोजचे म्हातारे आणि रविवारचा रोस्ट खायला शहरातून आलेलं कुटुंब हे दोघंही लागतात, एकाशिवाय पबला जीव नाही आणि दुसऱ्याशिवाय पगार निघत नाहीत.

ब्रेटफर्टनचा 'फ्लीस इन'

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण वूस्टरशायरमधलं, इव्हशॅमजवळचं ब्रेटफर्टन. मध्ययुगात बांधलेलं हे शेतकऱ्याचं घर, १८४८ मध्ये त्याचा पब झाला आणि त्याच घराण्यात राहिला. शेवटच्या मालकीणबाई लोला टॅप्लिन यांनी तो नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकला, १९७७ मध्ये त्या गेल्या. इथे क्रिस्प्स विकायच्या नाहीत अशी त्यांची अट होती असं सांगतात. आत तीन खोल्या, एका खोलीत प्यूटरच्या (कथिलाच्या मिश्रधातूच्या) जुन्या थाळ्या आणि सुरया मांडलेल्या, आणि शेगडीपुढे फरशीवर खडूने काढलेली पांढरी वर्तुळं, चिमणीतून चेटकीण खाली उतरू नये म्हणून. फेब्रुवारी २००४ मध्ये शाकारलेल्या छपराला आग लागली. छप्पर गेलं, भांडी वाचवली गेली. दुरुस्ती करून २००५ मध्ये पब परत उघडला आणि तेव्हा खोल्या तशाच ठेवल्या, भिंती पाडून रेस्टॉरंट केलं नाही, वर्तुळंसुद्धा आहेत. जेवण मिळतं, मागच्या फळबागेत लग्नं होतात, आणि वसंतात इथल्या भागातल्या ॲस्परॅगसचा लिलाव पबच्या दारात होतो, म्हणजे पैसा येतो तो गावच्याच पिकाच्या आणि कार्यांच्या जोरावर. जळलेला पब उभा करणं हे सगळ्यात मोठं रिफर्ब, पण येणाऱ्याची बसायची जागा हलली नाही.

गावानेच विकत घेतलेले पब

कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावचा 'ओल्ड क्राउन' २००३ मध्ये गावकऱ्यांनी आणि चाहत्यांनी शेअर काढून घेतला, सहकारी मालकीचा ब्रिटनमधला तो पहिला पब मानतात. त्यानंतर अनेक गावांनी हा मार्ग धरला. २०११ च्या लोकलिझम कायद्यामुळे पब गावाची मालमत्ता म्हणून नोंदवता येतो, मग तो विकायला निघाला तर गावाला पैसे उभे करायला सहा महिने मिळू शकतात. अशा पबमध्ये रिफर्ब गावकरीच श्रमदानाने करतात, रंग लावायला शाळेचे मास्तर आणि वायरिंगला गावातलाच इलेक्ट्रिशियन, आणि मग पोस्टाचा काउंटर, किराणा, सकाळी कॉफी असं काहीबाही जोडतात. तिथे येणारा माणूस गिऱ्हाईकही असतो आणि मालकही, त्यामुळे स्टूल काढायचं की ठेवायचं यावर मीटिंगा होतात. व्हायलाच हव्यात.

कायद्याचा धाक किती लागतो ते स्टॅफर्डशायरच्या हिमलीतल्या 'क्रूकेड हाउस'ने दाखवलं. खाणीमुळे जमीन खचून तिरका झालेला हा पब, ५ ऑगस्ट २०२३ च्या रात्री जळला आणि दोनच दिवसांत पाडला गेला. लोक इतके भडकले की पुढच्या फेब्रुवारीत काउन्सिलने तो होता तसा पुन्हा बांधायचा आदेश काढला.

आपले लोक आणि पब

पबचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं हे भारतीयांना चांगलं माहीत आहे. मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागात, १९६० च्या दशकात काही पब गोऱ्यांखेरीज कोणाला ठराविक खोल्यांमध्ये बसूच देत नसत. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स तिथल्या स्मेथविकला आले ते हेच बघायला, इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या बोलावण्यावरून, आणि त्याच वर्षी सार्वजनिक जागी वर्णभेद करण्याविरुद्ध कायदा झाला. पुढे त्याच भागातले बंद पडायला आलेले पब पंजाबी कुटुंबांनी चालवायला घेतले, डार्ट्स आणि एल ठेवली आणि जोडीला तंदुरी मिक्स्ड ग्रिल आणलं. त्यांना देसी पब म्हणतात. ते खेड्यातले नाहीत, औद्योगिक गावांतले आहेत, पण पब बदलूनही पब कसा राहू शकतो याचं माझ्या मते त्यांच्याइतकं चोख उदाहरण रिफर्बच्या कॅटलॉगांत मिळायचं नाही.

मराठी माणसं आज गावच्या पबमध्ये जातात ती बहुतेक सुट्टीच्या दिवशी, पुण्याहून किंवा नागपूरहून आलेल्या आईबाबांना कॉट्सवोल्ड्सचा टेकड्यांचा भाग दाखवायला निघालेली असताना. बार म्हटल्यावर आई दारातच थबकते, आणि आत मुलं, कुत्री, आजीबाई बघून निवांत होते. मेनूवर शाकाहारी खूण असते हेही रिफर्बच्या लाटेचंच देणं. फक्त दोन गोष्टी माहीत असाव्यात. बऱ्याच ठिकाणी वेटर येत नाही, टेबल नंबर बघून काउंटरवर ऑर्डर आणि पैसे दोन्ही द्यायचे. आणि किचन दुपारी अडीचच्या सुमाराला बंद होऊ शकतं, मग पब उघडा असला तरी जेवण नाही, क्रिस्प्स आणि शेंगदाण्यांवर भागवावं लागतं.