नॉर्थवेस्ट पॅसेजची क्रूझ: वाट कशी सापडली, जहाजं कुठे रुतली

ग्रीनलंडमधल्या कांगरलुसुआकला चढायचं आणि अडीच-तीन आठवड्यांनी कॅनडातल्या कुगलुकटुकला किंवा थेट अलास्कातल्या नोमला उतरायचं, अशी नॉर्थवेस्ट पॅसेजची, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेच्या बेटांमधून अटलांटिक आणि पॅसिफिक जोडणाऱ्या सागरी वाटेची, क्रूझ आता दर उन्हाळ्यात निघते. मोसम जेमतेम महिन्याभराचा, ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. माहितीपत्रकात रोजची ठिकाणं ठळक छापलेली असतात आणि तळाशी बारीक अक्षरात ‘बर्फ व हवामानाच्या अधीन’ असं लिहिलेलं असतं. त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात बर्फच राहतो. पण गेल्या तीस वर्षांत या पट्ट्यात प्रवासी जहाजांवर जे मोठे प्रसंग आले, त्यांत जहाज तळाला घासून रुतल्याचेच ठळक आहेत. या वाटेचा इतिहास बर्फाचा म्हणून सांगितला जातो, आणि पाण्याची खोली कुणाला किती माहीत होती ही त्यातली निम्मी गोष्ट मागे पडते.

सुरुवात ब्रिटिश नौदलाचे अधिकारी सर जॉन फ्रँकलिन यांच्यापासून करावी लागते. 1845 साली एरेबस आणि टेरर ही ब्रिटिश नौदलाची दोन जहाजं 129 माणसांसह अटलांटिकमधून पॅसिफिककडे जाण्याची वाट शोधायला निघाली. पहिला हिवाळा त्यांनी बीची बेटावर काढला. तिथे पुरलेल्या तिघांच्या थडग्यांपाशी आजही क्रूझचे प्रवासी उतरतात (पाट्या मात्र प्रतिकृती आहेत). सप्टेंबर 1846 मध्ये किंग विल्यम बेटाच्या वायव्येला दोन्ही जहाजं बर्फात गोठली ती सुटलीच नाहीत. एप्रिल 1848 मध्ये उरलेल्या 105 जणांनी जहाजं सोडली. त्यांतलं कुणीही परतलं नाही.

ते तिथेच का अडकले, याचं उत्तर भूगोलात आहे. उत्तरेकडचा अनेक वर्षांचा जुना बर्फ मॅक्लिंटॉक चॅनलमधून खाली सरकतो आणि नेमका या बेटाच्या वायव्य टोकाशी येऊन दाटतो. बेटाच्या पूर्वेची वाट त्या माऱ्यापासून बरीच सुरक्षित आहे. पण फ्रँकलिनजवळच्या नकाशात ती वाट नव्हतीच. ब्रिटिश नौदलातल्याच जेम्स क्लार्क रॉसच्या आधीच्या मोहिमेवरून बनलेल्या त्या नकाशात बेट मुख्य भूमीला जोडलेलं होतं आणि मधलं पाणी बंद उपसागर म्हणून काढलेलं होतं. तिथे सामुद्रधुनी आहे हे 1854 साली स्कॉटिश शोधप्रवासी जॉन रे यांनी जमिनीवरून चालत जाऊन दाखवलं. फ्रँकलिनच्या माणसांची उपासमार आणि नरमांसभक्षण झाल्याची इनुइटांनी, म्हणजे या भागातल्या मूळ रहिवाशांनी, सांगितलेली हकिगतही त्यांनीच लंडनला कळवली. लंडनला ती पचली नाही. इनुइटांच्या शब्दावर पुढे बराच काळ कुणी फारसा विश्वास ठेवला नाही. अखेर एरेबस 2014 मध्ये आणि टेरर 2016 मध्ये सापडलं तेव्हा शोधाला दिशा मिळाली ती त्यांच्याच मौखिक इतिहासातून आणि किंग विल्यम बेटावरच्या योआ हेवन गावच्या लोकांच्या माहितीतून. तिथले इनुइट इतिहासकार लुई कामूकाक यांनी आयुष्यभर वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी जमवल्या नसत्या तर हा शोध आणखी लांबला असता. दोन्ही बुडालेली जहाजं आज राष्ट्रीय वारसास्थळ आहेत आणि तिथे विनापरवाना जाता येत नाही, त्यामुळे ‘एरेबस पाहायला मिळेल’ असं कुणी सांगत असेल तर लेखी मागावं.

जॉन रे यांनी दाखवलेल्या त्या रे सामुद्रधुनीतून पहिल्यांदा जहाज नेलं ते नॉर्वेच्या रोआल्ड आमुंडसेन यांनी. त्यांची योआ 47 टनांची मासेमारी नौका होती, माणसं अवघी सात. लहान आणि कमी खोल बसणारी नौका निवडण्यातच त्यांची खरी हुशारी होती. तरीही मॅटी बेटाजवळ योआ खडकावर चढली आणि डेकवरचा माल समुद्रात फेकून हलकी केल्यावरच सुटली. दोन हिवाळे ते योआ हेवनला राहिले, नेत्सिलिक इनुइटांकडून कातड्याचे कपडे, कुत्र्यांच्या गाड्या, बर्फाची घरं हे सगळं शिकले. 1905 च्या ऑगस्टमध्ये सिम्पसन सामुद्रधुनीतून दोरीला बांधलेलं शिसं सारखं खाली सोडून खोली मोजत ते पश्चिमेला सरकले आणि 1906 मध्ये नोमला पोचले. योआ नॉर्वेहून निघाली ते साल 1903, आणि वैदिक आर्यांचं मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ होतं असं मांडणारा लोकमान्य टिळकांचा ग्रंथही पुण्यात त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. एवढाच काय तो योगायोग.

पुढचे टप्पे भराभर सांगता येतात. कॅनडाच्या पोलिस दलाचं सेंट रॉक हे जहाज हेन्री लार्सेन यांनी 1940 ते 1942 या काळात पश्चिमेकडून पूर्वेला नेलं आणि 1944 मध्ये 86 दिवसांत परत आणलं. 1969 मध्ये मॅनहॅटन हा अमेरिकन तेलवाहू टँकर बर्फफोड्यांच्या मदतीने घुसला. त्यावर कॅनडाने 1970 मध्ये आर्क्टिक प्रदूषणविरोधी कायदा केला. हे पाणी कॅनडाचं अंतर्गत आहे की आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनी, हा अमेरिकेबरोबरचा वाद अजून मिटलेला नाही. क्रूझच्या दृष्टीने त्याचा परिणाम इतकाच, की 2010 पासून 300 टनांवरच्या जहाजांना कॅनडाच्या नॉर्डरेग या जहाजवाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेकडे आपला मार्ग आधी कळवावा लागतो आणि रोज ठरल्या वेळी कुठे आहोत ते सांगावं लागतं.

पर्यटक आले ते 1984 साली. स्वीडिश-अमेरिकन व्यावसायिक लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी 1966 पासून अंटार्क्टिकाला पर्यटक नेले होते. 1969 मध्ये फिनलंडमध्ये बांधून घेतलेलं त्यांचं लिंडब्लाड एक्सप्लोरर हे जेमतेम 73 मीटर लांब लाल जहाज 1984 मध्ये न्यूफाउंडलंडहून निघून पॅसेजमधून थेट योकोहामाला गेलं. प्रवाशांना घेऊन ही वाट पार करणारं ते पहिलं जहाज. आजच्या एक्सपिडिशन क्रूझचा साचा याच जहाजाने घातला: मजबूत सांगाडा, शंभरेक प्रवासी, सोबत भूगर्भ, पक्षी आणि इतिहास यांचे जाणकार, आणि धक्क्याची गरजच न ठेवणाऱ्या झोडियाक रबरी होड्या.

त्यानंतर जहाजं आली कुठून? सोव्हिएत संघ कोसळला तिथून. पगार आणि इंधनाला पैसा नसलेल्या रशियन संस्थांनी आपले बर्फफोडे आणि संशोधन जहाजं पाश्चात्त्य पर्यटन कंपन्यांना भाड्याने दिली. कापितान ख्लेबनिकोव्ह हा अस्सल बर्फफोडा, तर अकादेमिक इयोफे समुद्रातल्या ध्वनीच्या अभ्यासासाठी बांधलेलं. बर्फाची भीती या जहाजांनी बरीच कमी केली. तळाची भीती होती तेवढीच राहिली.

कॅनडाच्या आर्क्टिक पाण्याचा पाचवा हिस्साही अजून आधुनिक निकषांनुसार मोजलेला नाही. जुन्या मोजण्या दोन प्रकारच्या: जहाज एका रेषेत गेलं त्या रेषेखालची खोली, किंवा हेलिकॉप्टरने गोठलेल्या समुद्रावर उतरून ठरावीक अंतरावर घेतलेले सुटे आकडे. दोन आकड्यांच्या मध्ये काय आहे ते कुणी पाहिलेलं नसतं. इथला तळ हिमनद्यांनी खरवडलेला जुना कातळ आहे, त्यामुळे शंभर मीटर खोल पाण्यातून एखादा सुळका एकदम वर येतो. काही नकाशे उपग्रहाच्या मापनपद्धतीशी जुळवलेले नाहीत. जीपीएस अचूक जागा दाखवतं, पण छापलेला किनाराच बाजूला सरकलेला असतो. होकायंत्राचाही इथे भरवसा नाही. 1831 मध्ये रॉस यांना चुंबकीय उत्तर ध्रुव सापडला तो बूथिया द्वीपकल्पावर, म्हणजे याच वाटेच्या शेजारी. आता तो खूप दूर सरकला असला तरी या भागात काटा अजून सुस्त आणि चंचलच असतो.

याचे परिणाम दिसलेच. 1996 मध्ये हान्सेआटिक हे प्रवासी जहाज सिम्पसन सामुद्रधुनीत रुतलं. 27 ऑगस्ट 2010 रोजी क्लिपर अॅडव्हेंचरर 128 प्रवाशांसह कॉरोनेशन गल्फमध्ये जवळजवळ 14 नॉटच्या (ताशी सुमारे 26 किलोमीटर) वेगाने बुडालेल्या कातळावर चढलं. ही घटना बारकाईने पाहण्यासारखी आहे. नकाशावर 1965 ची एकच मोजणीरेषा होती. तो उंचवटा 2007 मध्येच सापडला होता आणि जहाजांसाठीच्या सूचनेत आला होता, पण ती सूचना या जहाजाने मागवलेली नव्हती. पुढचा तळ दाखवणारं सोनार बंद होतं. प्रवाशांना उतरवायला कॅनडाच्या तटरक्षक दलाचं आमुंडसेन हे जहाज दोन दिवसांनी पोचलं. 24 ऑगस्ट 2018 रोजी अकादेमिक इयोफे बूथियाच्या आखातात नीट न मोजलेल्या पाण्यात आदळलं. त्याच्या खोलीमापकांचे धोक्याचे गजर बंद करून ठेवलेले होते. योगायोगाने जवळ असलेल्या त्याच्या जुळ्या जहाजाने दुसऱ्या दिवशी प्रवासी उचलले. सप्टेंबर 2023 मध्ये ईशान्य ग्रीनलंडमधल्या आल्पेफ्योर्डमध्ये ओशन एक्सप्लोरर 206 माणसांसह तीन दिवस अडकून होतं. या चारही वेळा कुणी दगावलं नाही, कारण समुद्र शांत होता. नशिबाचा हा भाग माहितीपत्रकात येत नाही.

म्हणूनच 2016 मध्ये हजारावर प्रवासी घेऊन क्रिस्टल सेरेनिटी हे मोठं क्रूझ जहाज अलास्काहून न्यूयॉर्कला 32 दिवसांच्या फेरीवर निघालं तेव्हा जाणकारांच्या पोटात गोळा आला. सोबत एक बर्फरोधक जहाज आणि हेलिकॉप्टर होतं, फेरी सुरळीत झाली, 2017 मध्ये पुन्हा झाली. पण इतकी माणसं दीड हजारही वस्ती नसलेल्या गावात एकदम उतरवता येत नाहीत, आणि अपघात झालाच तर ठेवायचं कुठे हा प्रश्न तसाच राहतो. 1 जानेवारी 2017 पासून लागू झालेल्या पोलर कोडने, म्हणजे ध्रुवीय समुद्रातल्या जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी, याला थोडं उत्तर दिलं: मदत पोचायला किमान पाच दिवस लागतील असं धरूनच जीवरक्षक साहित्य ठेवायचं. पाच दिवस हा आकडा ध्यानात ठेवावा.

हवामान तापतंय म्हणजे वाट सोपी झाली, हे अर्धंच खरं आहे. 2007 च्या उन्हाळ्यात पॅसेज कधी नव्हे इतका मोकळा झाला हे बरोबर. पण उत्तरेच्या चिंचोळ्या वाटांतला पातळ बर्फ लवकर वितळला की त्याच्यामागे अडलेला जुना बर्फ खाली सुटतो. 2018 मध्ये तेच झालं आणि अनेक जहाजांना माघारी फिरावं लागलं. कॅनडाच्या बर्फनकाशावर प्रत्येक पट्ट्याची अंडाकृती चौकट असते. सर्वांत वरचा आकडा दहापैकी किती भाग पाणी झाकलंय तो. खाली बर्फाचं वय असतं, आणि तिथे 7, 8 किंवा 9 टिंबासकट दिसला की जुना बर्फ आलाय असं समजायचं. त्यातलं मीठ निथळून गेलेलं असतं, त्यामुळे तो दगडासारखा टणक असतो. एक-दोन दशांश असेल तर एक्सपिडिशन जहाज नागमोडी वाट काढतं. निम्म्याहून जास्त आणि त्यात जुना बर्फ असेल तर बर्फफोड्याशिवाय शहाणा कप्तान जात नाही. बेलॉट सामुद्रधुनीत आणखी एक भर पडते. 25 किलोमीटरच्या त्या अरुंद वाटेत भरती-ओहोटीचा प्रवाह 8 नॉटपर्यंत जातो, म्हणून पाणी थबकण्याची वेळ गाठूनच आत शिरतात. धुकं आलं की ती वेळ हुकते आणि अर्धा दिवस गेला.

किनाऱ्यावर उतरण्याची पद्धतही अशीच घडत गेली. आधी बंदूकधारी अस्वलरक्षकांची होडी जाते, टेकडीमागचं दिसेल अशा जागा धरते, मगच प्रवासी. धुक्यात पांढरं अस्वल दिसत नाही म्हणून उतरणं रद्द होतं. समुद्र कितीही शांत असो. होडीत आठ-दहा जण. चढताना खलाशाचा पंजा न पकडता मनगटाच्या वर कोपराकडे पकडायचं, कारण ओले हातमोजे निसटतात. जहाज सोडताना फळीवरचा आपल्या नंबरचा बिल्ला उलटवायचा, परतल्यावर सुलटवायचा. एक बिल्ला उलटा राहिला तरी जहाज हलत नाही. पाणी शून्याच्या आसपास असतं आणि त्यात दहा मिनिटांत हातांतली ताकद जाते, त्यामुळे या नियमांवर हुज्जत घालू नये.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी कागदपत्रांना लवकर लागावं. ग्रीनलंड शेंगेनमध्ये नाही; डेन्मार्ककडून ग्रीनलंडसाठी वैध असा शेरा असलेला व्हिसा लागतो. युरोपातून जाणार असाल तर शेंगेनचा, शिवाय कॅनडाचा, आणि शेवट नोमला असेल तर अमेरिकेचाही. विम्यात दुर्गम भागातून हवाई मार्गाने हलवण्याचा खर्च आहे का ते पाहावं, कारण जहाजावरचा डॉक्टर रुग्ण स्थिर करू शकतो, मोठं रुग्णालय हजारो किलोमीटर दूर असतं. आरक्षणाआधी कंपनीला चार गोष्टी विचाराव्यात: जहाजाचा आइस क्लास (बर्फ सोसण्याच्या ताकदीची श्रेणी) काय, पुढचा तळ दाखवणारं सोनार आहे का आणि चालू आहे का, याच कप्तानाने ही वाट आधी पार केली आहे का, आणि वाट बंद झाली तर प्रवास कुठे संपेल व परतीच्या विमानाचा खर्च कोणाचा. पॅसेजच्या पूर्वेकडच्या तोंडाशी असलेल्या लँकेस्टर साउंडमधूनच मागे फिरावं लागलं तर पैसे परत मिळत नाहीत असं बहुतेक करारांत लिहिलेलं असतं.