कान्हेरी, मुंब्रा, बेलापूर : मुंबईच्या बोल्डरिंगची पार्श्वभूमी

मुंबईत दोराविना कमी उंचीचे कातळ चढणाऱ्यांच्या बोलण्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी, मध्य रेल्वेवरचे मुंब्रा आणि हार्बरवरचे सीबीडी बेलापूर ही तीन ठिकाणे ठरलेली असतात. तिन्हीकडचा दगड दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. पावसाळ्यात शेवाळाने तो निसरडा होतो, त्यामुळे खरा हंगाम दिवाळीनंतरच्या थंड सकाळींचा.

या जागांचा इतिहास समजायचा तर आधी ‘बोल्डरिंग’ या शब्दाचा गुंता सोडवावा लागतो. दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था १९५४ मध्ये आणि उत्तरकाशीची १९६५ मध्ये सुरू झाली. तिथल्या शिक्षणक्रमात प्रस्तरारोहणाचा आरंभ जमिनीलगतच्या धोंड्यांवर होई : दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन अवयव सतत कातळावर ठेवायचे आणि चौथा हलवायचा. या सरावालाच बोल्डरिंग म्हणत. मुंबईतील गिर्यारोहण संस्थांच्या प्राथमिक शिबिरांत हाच अर्थ रुजला. सह्याद्रीतील सुळके आणि कडे हे चढाईचे खरे लक्ष्य. कान्हेरी आणि मुंब्रा ही रविवारच्या सरावाची ठिकाणे. सरावाची नोंद कोणी ठेवत नाही. म्हणूनच हंटर शूज, म्हणजे साधे कॅनव्हासचे बूट, घालून केलेल्या कित्येक कठीण चढायांना ना नाव मिळाले ना काठिण्याची श्रेणी, आणि हे नुकसान आता भरून निघणारे नाही.

दुसरा अर्थ बाहेरून आला. पाच-सहा हालचालींचा छोटा चढ हेच उद्दिष्ट, त्याला ‘प्रॉब्लेम’ म्हणायचे आणि तो सुटेपर्यंत महिनोन् महिने परतायचे, ही दृष्टी फ्रान्समधील फोंतेन्ब्लोच्या जंगलात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पक्की झाली होती. मुंबईत ती जोर धरू लागली तशी टॉप रोपवरून मतभेद झाले. जुन्या शिबिरांत घडलेले आरोहक सहा-सात मीटरच्या कातळावरही वरून दोर लावत. नव्या पिढीच्या मते दोर लावला की ते बोल्डरिंगच नव्हे. दोन्ही बाजूंना आधार आहे, परंतु हा वाद उंचीपेक्षा पडण्याच्या जागेचा होता. मुंब्र्याच्या डोंगरउतारावर कातळाखाली सपाट माती क्वचितच मिळते; तिथे सुटे दगड असतात, आणि त्यांवर टाच पडली तर घोटा जातो. क्रॅश पॅडशिवाय, म्हणजे पडल्यावर धक्का झेलणाऱ्या जाड गादीशिवाय, चढणाऱ्यांनी दोर वापरला, तो भित्रेपणा नव्हता. पॅड आले, लोकलच्या दारातून पाठीवर आडवे-उभे करत कातळापर्यंत पोहोचू लागले, तेव्हाच दोर सोडणे बऱ्याच जणांना परवडले.

कान्हेरीचा प्रश्न वेगळा आहे. लेणी १९५८ च्या पुरातत्त्व कायद्याखाली आणि भोवतालचे जंगल १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येते. कोरीव भिंतीला हात लावू नये याबद्दल आरोहकांत दुमत नाही. पण शेजारच्या नैसर्गिक कातळावर चॉकचे, म्हणजे पकड घट्ट राहावी म्हणून हाताला लावलेल्या भुकटीचे, पांढरे ठसे दिसले की पाहणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात, आणि ब्रशने ठसे पुसून उतरण्याची सवय अजून सर्वांना लागलेली नाही.

बेलापूरला ही अडचण तुलनेने कमी होती. तिथल्या नैसर्गिक कातळांवर स्पर्धा होऊ लागल्या आणि सरावाच्या जागेला प्रथमच प्रेक्षक मिळाले. पुढे २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगच्या विश्वचषक मालिकेतील फेऱ्या नवी मुंबईत झाल्या, त्या मात्र कृत्रिम भिंतीवर. २०२० च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये बोल्डरिंग, लीड (दोर अडकवत उंच चढणे) आणि स्पीड (वेगाची शर्यत) यांना मिळून एकच पदक होते. पॅरिसला २०२४ मध्ये स्पीड वेगळे झाले, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत बोल्डरिंगला स्वतःचे पदक असेल. शिबिराच्या पहिल्या सकाळी उरकायचा पाठ म्हणून इथे आलेल्या शब्दाचा अर्थ आता एक स्वतंत्र क्रीडाप्रकार असा झाला आहे.