तंबोऱ्याची जवारी, डॅक आणि हेडफोन अँप: फरक नेमका पडतो कुठं?

टेबलावर ठेवायचा डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा विजेच्या रूपातला आवाज करणारं यंत्र) आणि हेडफोन अँप (तो हेडफोनला पुरेल एवढा मोठा करणारं) घ्यायचा म्हटलं की आज पाच हजारापासून लाखाच्या पुढंपर्यंत काय पाहिजे ते मिळतंय, आणि सगळीकडं वर्णन तेच, आवाज मोकळा होतो, वाद्यं वेगवेगळी दिसतात, गाणाऱ्याच्या समोर बसल्यासारखं वाटतं. सांगलीत, विश्रामबागेपासून पार मिरजेपर्यंत, गाणं मनापासून ऐकणारी पोरंपोरी आता पैसे साठवून ही यंत्रं घ्यायला लागलीत. मला याचा खरंच आनंद होतो, आणि म्हणूनच त्यांचे पैसे चुकीच्या जागी जाऊ नयेत असं फार वाटतं. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. चांगल्या बनावटीच्या दोन डॅकमध्ये कानाला कळेल असा फरक आज जवळजवळ उरलेला नाही. अँपमध्ये फरक पडतो, कधीकधी चांगला ठळक पडतो, पण तो अँप किती महाग आहे यावर नाही, तो कुठल्या हेडफोनला लावलाय यावर.

ऐकून बघायला आपल्याकडं तंबोऱ्यासारखी परीक्षा नाही. आणि तो तर इथंच घडतो, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनसुद्धा मिळालं. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट नसते, किंचित गोलाई देऊन घासलेली असते, तार तिला हलकीशी चाटत कंप पावते आणि खाली दोरा सरकवून कारागीर ती जागा अशी बसवतात की एका तारेतून उपस्वरांचं, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या त्याच्या पटीतल्या वरच्या स्वरांचं, मोहोळ उठतं, हीच जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं होतं. तार जिथं छेडाल तिथं ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू पडतो तो उपस्वर उमटायला नको, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम, पण तंबोरा आणि वीणेत तो उपस्वरही चांगला दणदणीत वाजतो असं रामन यांनी दाखवलं, आणि कारण ती घोडीच. आता काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, सा धरला तर तो साधारण १३८ हर्ट्झ, खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९, आणि तिचे उपस्वर वर कित्येक हजार हर्ट्झपर्यंत. म्हणजे एकाच तारेच्या झंकारात हेडफोनचा खालचा, मधला, वरचा असा सगळा पट्टा एकदम तपासला जातो. कुठंही एखादा डेसिबल इकडंतिकडं झाला की जवारी बंद झाल्यासारखी वाटते नाहीतर जास्तच उघडल्यासारखी. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आधी डॅक. फाइलमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं, सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१०० आकडे, प्रत्येक आकडा १६ बिटचा, म्हणजे ६५,५३६ पातळ्यांपैकी एक. सीडी बाजारात आली १९८२ मध्ये आणि तेव्हापासून एक गैरसमज चालत आलाय की डिजिटल आवाज म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा, आणि डॅक जेवढा भारी तेवढ्या पायऱ्या बारीक. तसं काय नाही. नायक्विस्टनं १९२८ मध्ये आणि शॅनननं १९४९ मध्ये जे गणित मांडलं त्याचा सरळ अर्थ असा, की आवाजातली सगळ्यात वरची वारंवारता जेवढी असेल त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेगानं नमुने, म्हणजे हे आकडे, घेतले तर त्या बिंदूंमधून त्या पट्ट्यातली एकच एक वक्र रेषा जाऊ शकते, दुसरी नाही. दोन बिंदूंच्या मधलं काही हरवत नाही. माणसाचा कान २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, तोही तरुणपणी, आणि ४४.१ किलोहर्ट्झची मर्यादा २२ हजाराच्या वर जाते. डॅकमधला फिल्टर तीच गुळगुळीत रेषा परत काढतो, पायऱ्या बाहेर पडतच नाहीत.

मग डॅक बिघडवू काय शकतो? दोन गोष्टी, खरखर मिसळणं आणि विकृती घालणं. दोन्ही मिळून जो आकडा काढतात त्याला सिनॅड म्हणतात, तो आजकाल साध्या टेबलावरच्या डॅकमध्येही ११० डेसिबलच्या आसपास मिळतो. फोनला लावायचा ॲपलचा तो एवढासा पांढरा डोंगल, त्यातही छोटा डॅक आणि छोटा अँप असतो, त्याचा आकडा १०० च्या जवळ जातो. म्हणजे मूळ आवाजाच्या तुलनेत घाण एक हजारांश टक्क्याच्या आसपास. आता हिशोब करा, गाण्यातला सगळ्यात मोठा आवाज १०५ डेसिबल धरला, जो खरं तर फार झाला, तर त्या डोंगलची घाण ५ डेसिबलवर येते, आणि रात्री अकराला सगळं निजल्यावर पंखा बंद केलेल्या खोलीतसुद्धा २५-३० डेसिबलचा आवाज असतोच. शिवाय हेडफोनचा पडदा स्वतः खालच्या स्वरात ०.१ टक्का, कधी १ टक्क्यापर्यंत विकृती घालतो, म्हणजे डॅकच्या शंभरपट, हजारपट. हे सगळं बघितल्यावर ११० चा डॅक काढून १२० चा लावून जवारी उघडेल अशी अपेक्षा धरणं चूक आहे.

डॅकच्या आतल्या चिपवरून तर भारी वाद चालतात, ही कंपनी उबदार, ती कंपनी रूक्ष. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानात नोबेओकाला, डॅकच्या चिप बनवणाऱ्या एकेएमच्या कारखान्याला आग लागली, चिप मिळेनात, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी आपल्या मॉडेलमध्ये घाईनं दुसऱ्या कंपनीची चिप बसवली आणि नवीन आवृत्त्या काढल्या. दोन्ही आवृत्त्यांची मापं नीट असतील तर कानाला फरक सापडणं अवघड, कारण चिप एकटी वाजत नाही, तिच्या पुढचं सर्किट आणि पॉवर सप्लाय कसा केलाय ते जास्त महत्त्वाचं. हाय-रेझचं, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या फाइलींचंही तेच. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी हाय-रेझ आवाजाच्या वाटेत मुद्दाम सीडीच्या दर्जाची कडी घातली आणि लोकांना फरक ओळखायला सांगितला, ५५४ वेळांपैकी २७६ वेळा बरोबर आलं, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. उलट २०१६ मध्ये जोशुआ राईस यांनी १८ प्रयोगांचा एकत्र हिशोब केला तर ५२.३ टक्के निघाले, म्हणजे अगदी बारीक का होईना काहीतरी सापडतंय. एवढ्याशा फरकासाठी कुणाला खर्च करायचा तर करू दे. पण मिरजेलाच राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या ऐकायला २४ बिट लागतात असं कुणी म्हणायला लागलं तर मी थांबवीन, त्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीतच मूळ आवाज आणि खरखर यांच्यात ४० डेसिबलच्या आसपास अंतर असतं, १६ बिटमध्ये ते ९६ आहे.

खरी मजा अँपमध्ये आहे, आणि इथं थोडा वेळ काढायला पाहिजे.

अँपकडून हेडफोनला लागतं व्होल्टेज आणि करंट, आणि किती लागतं ते हेडफोनची सेन्सिटिव्हिटी सांगते. सेन्हायझरच्या एचडी ६०० चं उदाहरण घेऊ, तो ३०० ओहमचा आहे (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, इम्पीडन्स, मोजायचं माप) आणि १ व्होल्टला ९७ डेसिबल देतो. मघाचा पांढरा डोंगल जास्तीत जास्त १ व्होल्ट काढतो, म्हणजे गाण्यातलं सगळ्यात उंच टोक ९७ वर. आजचं सिनेमातलं गाणं दाबून मोठं केलेलं असतं, त्याला हे पुरतं. पण बैठकीचं जुनं रेकॉर्डिंग असेल, सरासरी आवाज टोकापेक्षा २० डेसिबल खाली, तर आलाप ७७ वर येतो आणि तुम्ही व्हॉल्यूम पूर्ण फिरवून अजून थोडं हवं होतं म्हणत बसता. टोक ११० पर्यंत न्यायचं तर साडेचार व्होल्ट लागतात, पॉवर मात्र सत्तर मिलीवॅटच्या आतच. व्होल्टेज दुप्पट केलं की ६ डेसिबल वाढतात एवढं डोक्यात ठेवलं की हा हिशोब कुणीही कागदावर करू शकतो. हायफायमॅनचा एचई-६ हा याच्या पलीकडचा नमुना, ५० ओहम आणि १ मिलीवॅटला फक्त ८३.५ डेसिबल, त्याला ११० साठी जवळजवळ ४५० मिलीवॅट पाहिजेत, तिथं फोन-लॅपटॉपचं काम नाही, टेबलावरचा दणकट अँपच हवा. उलट कानात घालायच्या संवेदनशील आयईएमला मोठा अँप लावला तर गैरसोयच होते, १ व्होल्टला १२० डेसिबल देणारी आयईएम असेल तर अँपची १० मायक्रोव्होल्टची खरखरही २० डेसिबल होते, आणि आयईएमनं बाहेरचा आवाज अडवलेला असल्यामुळं शांत जागेत ऐकू येते, आणि व्हॉल्यूमचं बटण जेमतेम हललेलं असताना त्या बटणाखालच्या साध्या पोटेन्शिओमीटरमध्ये डावा-उजवा सारखा राहत नाही, गाणारा एका कानाकडं सरकतो.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे, आउटपुट इम्पीडन्स. गच्चीवरच्या टाकीतून पाइप बारीक असेल तर एक नळ उघडला की दुसऱ्याची धार बसते, पाइप जाड असेल तर बसत नाही, तसं अँपच्या आत जो अडथळा आहे त्यावर ठरतं की हेडफोननं जास्त करंट मागितला तर व्होल्टेज टिकणार की पडणार. आता हेडफोनचा ओहमचा आकडा खोक्यावर एकच छापलेला असला तरी तो प्रत्येक स्वराला वेगळा असतो. एचडी ६०० च्या घराण्यातला हेडफोन १००० हर्ट्झच्या आसपास ३०० ओहम असतो पण १०० हर्ट्झच्या अलीकडंपलीकडं ५०० च्या वर चढतो. त्याला १२० ओहम आउटपुटचा अँप लावला, आणि जुन्या मानकात हा १२० चाच आकडा होता, घरच्या बऱ्याच स्टिरिओ रिसीव्हरच्या हेडफोन जॅकला आजही बराच मोठा इम्पीडन्स असतो, तर ३०० ओहमच्या जागी आवाज २.९ डेसिबल पडतो आणि ५०० च्या जागी १.९ च. म्हणजे खालचा भाग बाकीच्यापेक्षा १ डेसिबल वर. तो भाग कुठला? आपल्या खर्जाच्या ६९ हर्ट्झच्या शेजारचाच. मग ऐकणारा म्हणतो या अँपनं तंबोरा भरला, आवाज उबदार झाला. त्याला खरंच तसं ऐकू आलेलं असतं, भास नव्हे. फक्त ती अँपची जादू नाही, तो इक्वलायझर आहे, तुम्हाला न विचारता लावलेला.

आयईएममध्ये तर हे भलतंच वाढतं. आत तीन-चार बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे आवाज काढणारे इवलेसे ड्रायव्हर, असले तर इम्पीडन्स एका जागी १० ओहम आणि दुसऱ्या जागी ४० असं सहज होतं. अँपचा आउटपुट १० ओहम असेल तर पहिल्या जागी ६ डेसिबल पडले, दुसऱ्या जागी २, म्हणजे एकाच गाण्यात ४ डेसिबलचा कल. ही उलथापालथ वरच्या स्वरात झाली तर जवारी उघडली नाहीतर मिटली, आणि लोक डॅकला श्रेय देऊन मोकळे. म्हणून नियम असा ठेवतात की अँपचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा, १ ओहमच्या आत असेल तर मग बघायलाच नको, आणि आजचे बहुतेक चांगले टेबलावरचे अँप तसे असतात. प्लॅनर, म्हणजे सपाट पातळ पडद्यावरच तारेची नक्षी असलेल्या, हेडफोनचा इम्पीडन्स सगळीकडं जवळजवळ सारखा असतो, त्यांना या भानगडीचा त्रास नाही. हे सगळं आम जनतेपर्यंत पोचवण्यात एका निनावी इंजिनिअरचा मोठा वाटा आहे, एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावानं त्यानं २०११ मध्ये ओ२ अँपचा पूर्ण आराखडा सगळ्यांसाठी खुला केला, मापं छापली, आणि पुढं तो गप्प झाला तो झालाच. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

आता दोन यंत्रं समोर असतील आणि तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर सगळ्यात आधी आवाज सारखा करा. जे किंचित मोठं वाजतं ते चांगलं वाटतं, कारण आवाज वाढला की खालचे आणि वरचे स्वर कानाला जास्त भरून येतात, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय. कानानं जुळवू नका, जमत नाही. २०० हर्ट्झचा साधा टोन लावा, हेडफोन जोडलेला ठेवूनच मल्टीमीटरनं जॅकवरचं एसी व्होल्टेज मोजा, २ व्होल्टची एसी रेंज असलेला मीटर घ्या, आणि दोन्हीतला फरक १ टक्क्याच्या आत आणा, म्हणजे ०.१ डेसिबलच्या आत आलात. मग बदलणारा दुसरा असू दे आणि तुम्हाला तो दिसू नये. १९५० मध्ये बेल लॅब्समधल्या मन्सन आणि गार्डनर यांनी मांडलेल्या पद्धतीत अ वाजतं, ब वाजतं, मग क्ष, आणि क्ष म्हणजे अ का ब ते सांगायचं. १६ वेळा करा, १२ किंवा जास्त बरोबर आले तर मानायचं, कारण नुसत्या अंदाजानं तेवढं जमण्याची शक्यता ४ टक्क्यांच्याही खाली आहे. ऐकायला तंबोराच लावा, गाणं लावलंत तर नुसतं ऐकत बसाल.

ब्लूटूथवाल्यांनी यात पडूच नये, त्यांच्या हेडफोनच्या आतच डॅक आणि अँप दोन्ही बसवलेले असतात, बाहेरून काही जोडून उपयोग नाही.

आणि ज्यांच्या घरी नवीन डॅक लावल्यावर आवाज खरंच साफ झाला, त्यांनी एकदा आधीची गूं-गूं तपासावी. लॅपटॉपचा चार्जर, मॉनिटर आणि अँप वेगवेगळ्या प्लगवर असले, नाहीतर घराचं अर्थिंग ढिलं असलं, की ५० हर्ट्झची गुणगुण केबलच्या शील्डमधून, म्हणजे तारेभोवतीच्या जाळीतून, हेडफोनपर्यंत येते, लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर चालू झाला की तिचं चक्क किर्रर्र होतं. चार्जर काढून बॅटरीवर ऐका, आवाज गेला तर दोष तिथलाच. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा, वायरमनकडून अर्थिंग बघून घ्या, तरी राहिलं तर लॅपटॉप किंवा टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट असेल तर ऑप्टिकल केबलनं जोडता येणारा डॅक घ्या, त्या केबलमधून फक्त उजेड जातो, वीज जात नाही, त्यामुळं त्या वाटेनं गुणगुण येऊच शकत नाही.