जोडवं कापावं लागलं, पण नखं कोणी बघितलीच नाहीत

आमच्या मामीच्या पायाचं दुसरं बोट सुजलं, आणि नुसता सांधा नाही तर मुळापासून टोकापर्यंत अख्खं बोट लालबुंद, गाजरासारखं जाड, शेवटी जोडवं कापून काढावं लागलं. युरिक अ‍ॅसिडची तपासणी झाली, आरए फॅक्टर (आमवातासाठी करतात ती रक्ताची तपासणी) झाला, तो निगेटिव्ह आला म्हणून "संधिवात नाहीये" सांगून पेनकिलर दिली. दीड वर्ष असंच गेलं. कानामागे खपल्या धरायच्या, तो कोंडा समजून आम्ही शाम्पू बदलत बसलो.

मग एका ऱ्हुमॅटॉलॉजिस्टनी, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांनी, आधी तिची नखं बघितली. अंगुस्तानावर असतात तसे बारीक बारीक खड्डे, एक नख कडेनं सुटलेलं. सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिस या खपल्या-चट्ट्यांच्या त्वचेच्या आजारासोबत येणारा संधिवात. कानामागचा तो कोंडा म्हणजे सोरायसिसच.

यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या अंगावर उलटते, आणि सूज फक्त सांध्यात नाही तर स्नायूची दोरी जिथे हाडाला चिकटते तिथेही येते, म्हणून टाच दुखते, आणि बोटाच्या शेवटच्या सांध्यावर हीच दोरी थेट नखाच्या मुळाशी जोडलेली असते, त्यामुळे नखं बिघडतात. आरए फॅक्टर बहुतेकांचा निगेटिव्हच येतो, त्यामुळे नुसत्या त्या रिपोर्टवर विसंबून प्लीज गप्प बसू नका. सोरायसिसवाल्या १०० जणांपैकी ३० पर्यंत लोकांना हा त्रास होऊ शकतो, बहुतेक वेळा चट्टे आधी आणि सांधे काही वर्षांनी, पण कधी उलटंही होतं. सकाळी उठल्यावर अर्धा तास सांधे आखडलेले आणि हालचाल केली की मोकळे होतात, ही पण मोठी खूण.

पूर्ण बरा होत नाही पण आटोक्यात नक्की राहतो, फक्त उशीर झाला तर झिजलेलं हाड परत येत नाही. उलटलेल्या प्रतिकारशक्तीला आवर घालणारं मेथोट्रेक्सेट बऱ्याच जणांना देतात, ही गोळी आठवड्यातून एकदाच, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून मामीनं कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी लाल गोल केलाय. सोबत फॉलिक अ‍ॅसिड, मधेमधे लिव्हरची आणि रक्ताची तपासणी, दारू नको, आणि मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलायचं. स्टेरॉइडच्या गोळ्या मनानं घेऊन अचानक बंद केल्या तर चट्टे भडकू शकतात. एवढ्यानं नाही भागलं तर बायोलॉजिक इंजेक्शनं (प्रतिकारशक्तीतला सूज आणणारा नेमका घटक अडवणारी) असतात, महाग आहेत पण आता भारतात बनलेली थोडी स्वस्त मिळतात, फक्त ती सुरू करायच्या आधी टीबीची टेस्ट करतातच, कारण अंगात झोपलेला टीबी त्यांनी जागा होऊ शकतो, आणि आपल्याकडे तो किती जणांच्या अंगात असतो हे काय वेगळं सांगायचं.